बंड्याला पत्रिका द्यायची राहिली

कुत्रं गवतातून फिरून आलं की त्याच्या अंगाला कुसळं चिकटलेली असतात. त्यानं काही ती मागितलेली नसतात. आमच्या मनीच्या क्लासातल्या गोष्टी मला तशाच चिकटल्यात. मी रविवारी सकाळी फक्त फाटक उघडतो, खुर्च्या मांडतो आणि कोपऱ्यात बसतो. तरी घरी जाताना अंगभर गोष्टी. आता झटकायला बसलोय.

मनी म्हणजे माझी मुलगी मनीषा. गंगापूर रोडच्या पुढं ओळखीतल्या एकाचा मोकळा प्लॉट आहे, तिथं ती कुत्र्यांना शिकवते. "कुत्र्यांना शिकवते" म्हटलेलं तिला चालत नाही. कुत्रं आणि त्याची माणसं यांचं नातं नीट करते, असं म्हणायचं. बोर्डावर पण तसंच लिहिलंय.

मी तिसरी शिकलेला माणूस. सगळी हयात लासलगावच्या मार्केटातून कांद्याचा टेम्पो चालवण्यात गेली. मी तिला म्हटलं, "आमच्या टेम्पोखाली पण एक कुत्रं झोपायचं. कुणी नातं लावत बसलं नाय त्याच्याशी."

"त्याला खायला कोण द्यायचं?"

"मीच."

"पाऊस आला की?"

"केबिनमध्ये घ्यायचो."

"मग ते तुमचं कोण होतं, आप्पा?"

"टेम्पोचं कुत्रं होतं," मी म्हटलं. ती हसली. शिकलेल्या पोरी हसल्या की मला राग येतो.

*

क्लासातले पहिले मानकरी म्हणजे खैरनार साहेब. सरकारी ऑफिसातून मोठ्या खुर्चीवरून रिटायर झालेले. त्यांचा ब्रूनो हा लठ्ठ बीगल. साहेब त्याला शिपायासारखी ऑर्डर सोडायचे. "ब्रूनो, इकडे या! ब्रूनो, खाली बसा!" कुत्र्याला अहोजाहो करणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला. ब्रूनो जांभई द्यायचा. साहेबांचा आवाज चढला की दुसऱ्यांदा द्यायचा.

मनीनं सांगितलं, काही दिवस ऑर्डर बंद. रोज नुसतं त्याच्याजवळ जमिनीवर बसायचं. हाका मारायच्या नाहीत. तो आपण होऊन आला तर पाठीवर हात ठेवायचा, नाही आला तर पेपर वाचायचा.

साहेब बसले. बसले ते बसलेच. गुडघे धरले, उठता येईना. खैरनारबाई भाजीला गेलेल्या. हाका मारायला बंदी, म्हणून हे गप्प. शेवटी बाई आल्या तर साहेब भिंतीला टेकून झोपलेले आणि ब्रूनो त्यांच्या मांडीवर डोकं टाकून घोरतोय.

रविवारी साहेब छाती काढून सांगत होते, "मी जमिनीवर बसलो की तो हमखास येतो. न बोलावता!"

मी विचारलं, "उठवायला पण येतो का?"

साहेब माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत. ब्रूनो बोलायचा.

*

आता पिंगळ्यांची गोष्ट. क्लासात सगळ्यांचा जीव हिच्यातच अडकला होता. माझा नाही म्हणणार होतो, पण राहू दे.

शोभाताई पिंगळे, त्यांचा एकुलता एक मुलगा संदीप आणि बंड्या नावाचं गावठी कुत्रं, असं तिघांचं घर. सिडकोत राहतात. संदीप अंबडच्या कंपनीत आहे. बंड्याला त्यानं गटारीतून उचलून आणलेला, तेव्हापासून बंड्याची जागा संदीपच्या खोलीच्या दारात. मे महिन्यात संदीपचं लग्न झालं. नवरी वैशाली, सटाण्याकडची. आता घरात चौथं माणूस आलं, आणि बंड्यानं तिला खोलीचा उंबरा ओलांडू दिला नाही. चावला नाही कधी. नुसता दात दाखवून गुरगुरायचा. नवरदेव आत, कुत्रं दारात आणि नवरी सासूजवळ गादी टाकून झोपलेली. असा त्यांचा संसार सुरू झाला.

नव्या सुनेनं पहिला आखाड माहेरी काढायचा, अशी आपल्याकडची रीत. शोभाताईंनी तीच मुदत धरली. क्लासात सगळ्यांसमोर म्हणाल्या, "सून आखाडाला चाललीय. श्रावणात ती परत आली की एक तर हा तिला घरात घेईल, नाही तर मी याला हरसूलला माझ्या भावाच्या शेतावर सोडून येईन. तिथं गुरगुर म्हणावं डोंगराला."

संदीप मान खाली घालून बंड्याच्या कानामागं खाजवत राहिला. बायको हवी आणि कुत्रं पण हवं, आणि बोलायची हिंमत कुणासमोरच नाही. आजकालच्या पोरांचं हे असं.

*

वैशाली माहेरी गेल्यावर मनी त्यांच्या घरी गेली. टेम्पो माझा, म्हणून मीही गेलो. चहा चांगला होता.

मनीनं कुत्र्याकडं बघितलंच नाही. खुर्चीत बसून लग्नाचं विचारत बसली. पाहुणे किती दिवस होते, मांडव कुठं घातला, बंड्या कुठं होता. तेव्हा कळलं की हळदीपासून पूजा होईपर्यंत त्याला गच्चीवर बांधला होता. खाली बँड, फटाके, परकी माणसं. सोडला तेव्हा घरात सगळं बदललेलं, आणि त्याच्या माणसाच्या खोलीत एक अनोळखी बाई.

"म्हणजे याला लग्नाची पत्रिकाच दिली नाय," मी म्हटलं.

शोभाताई म्हणाल्या, "पत्रिका तर माझ्या मोठ्या जावेला पण वेळेवर पोचली नव्हती. ती नाही कुणावर गुरगुरली."

संदीप हळूच म्हणाला, "आई, तू तेव्हा आत साडी बदलत होतीस."

बोलता बोलता मनीनं विचारलं, याला जेवायला कोण घालतं? संदीप म्हणाला, मी, पॅकेटमधलं. पण बंड्या बसलेला शोभाताईंच्या पायाशी, आणि त्याच्या मिशांना दूधभाकरी लागलेली. मनीनं बघितलं, मीही बघितलं. शोभाताई म्हणाल्या, "जायचंच आहे त्याला. तोवर उपाशी कशाला ठेवू?"

मनीनं दूधभाकरी बंद केली नाही. फक्त एवढंच सांगितलं, श्रावणात वैशाली आली की ती भाकरी तिच्या हातून जायला हवी.

"म्हणजे माझ्याकडनं तेही गेलं," शोभाताई म्हणाल्या, आणि माझा कप उचलून आत गेल्या. चहा अर्धा होता अजून.

*

मग वासाचं काम आलं. मनी म्हणाली, वैशालीचं अंगावर वापरलेलं एखादं कापड बंड्याच्या जागेवर अंथरा. झोपेत वास ओळखीचा होऊ दे.

शोभाताईंनी डोक्याला हात लावला. नवी सून घरात नाही आणि तिची साडी कुत्र्याच्या अंगाखाली, हे शेजारणीनं बघितलं तर सबंध सिडकोला काय वाटेल? शेवटी तडजोड झाली. साडी नाही, ओढणी. सटाण्याहून येणाऱ्या एका पाहुण्यासोबत ती आली. गुलाबी.

बंड्यानं आधी ती ओढत मोरीपर्यंत नेली. मग परत आणली. मग एक दिवस तिच्यावर पंजा ठेवून झोपला. शोभाताईंनी स्वतः मनीला फोन करून हे सांगितलं, आवाज मात्र तक्रारीचा ठेवून.

आणि पुढच्याच आठवड्यात ओढणी गायब. शोभाताईंनी कपाटाखाली बघितलं, गच्चीवर बघितलं. बंड्याला चार शब्द सुनावले. फाडून खाल्ली मेल्यानं, निघाला आपल्या वळणावर, आता हरसूलच. बंड्या कान पाडून सगळं ऐकून घेत होता.

संध्याकाळी गाद्या झटकताना ओढणी सापडली. संदीपच्या उशीखाली.

रविवारी क्लासात कुणी संदीपकडं बघेना. मीच म्हटलं, "मने, एक ओढणी पुरायची नाय. अजून एक मागव."

*

क्लास सुटला की सगळी मंडळी मिसळ खायला जातात, कुत्र्यांसकट. मखमलाबादकडं मळ्यात टेबलं मांडलेली एक जागा आहे. मनी म्हणते, गर्दीत शांत बसायची प्रॅक्टिस होते. कुत्री टेबलाखाली गुमान बसतात. वर माणसांची रश्श्यावरून हातघाई.

एकदा पोऱ्यानं पापडांची थाळी आणली, ती तिरपी झाली आणि दोन-तीन पापड खाली पडले. सगळी कुत्री उठली. मनीनं जागेवरूनच एक शब्द टाकला, "सोड!"

ब्रूनो थांबला. बंड्या थांबला. आणि खैरनार साहेबांनी हातातला पापड पटकन ताटात ठेवला. डॉक्टरनं त्यांना तळलेलं बंद केलंय, हे फक्त बाईंना ठाऊक होतं.

बाई मनीला म्हणाल्या, "घरी किती फी घेशील?"

*

आखाड संपत आला तशी शोभाताईंचं बोलणं कमी झालं. मला ते बरं लक्षण वाटलं नाही. हरसूलच्या भावाला त्यांनी विचारून ठेवलंय, असं संदीप म्हणाला.

राहिली होती ती वैशाली. कुत्र्याला तिची सवय लावतोय, पण तिला कुत्र्याची कोण लावणार? ती त्याला घाबरायची. मनीनं सांगितलं, रोज व्हिडिओ कॉल करून त्याच्याशी बोलायचं. पहिल्या दिवशी पोरीनं फोन इतका लांब धरला की पडद्यावर नुसतं कपाळ आणि कुंकू. संदीप म्हणाला, फोनमधून नाही चावत तो!

ती त्याच्याशी आपल्या अहिराणीत बोलायची. "कसा शे रे तू? आठे ये." आठे ये म्हणजे इकडं ये. बंड्या उठायचा, फोनच्या पाठीमागं जाऊन बघायचा, मग खोलीच्या दारामागं, मग गच्चीत चक्कर मारून यायचा. पोरीला हसू यायला लागलं. हळूहळू कपाळाखालचं तोंडही दिसायला लागलं. पुढं पुढं फोन वाजला की बंड्याच आधी उठायचा.

शोभाताई मला म्हणाल्या, "सासूची खुशाली चार दिवसांनी. कुत्र्याची रोज."

*

श्रावण लागला. वैशाली वडिलांसोबत गाडीनं येणार, असा निरोप आला. मनीनं सगळं ठरवून दिलं होतं. बंड्याला तिनं शेवटच्या दिवसांत एक खेळ शिकवला होता. दाराबाहेर काही टाकलं की पळत जाऊन तोंडात आणायचं, माणसाच्या पायाशी ठेवायचं आणि खाली बसायचं. मग त्या माणसाच्या हातून खाऊ. वैशालीनं आल्यावर खुर्चीत बसायचं, चेंडू टाकायचा, त्यानं आणायचा, तिनं खाऊ द्यायचा. असा बेत. तोवर संदीपनं त्याला पट्ट्यानं धरून ठेवायचं.

शोभाताईंचा बेत वेगळा होता. सून पहिल्या आखाडाची परत येतेय, तिला तशीच कशी आत घेणार? दारात उभी करून भाकरीचा तुकडा तिच्यावरून ओवाळायचा आणि लांब टाकायचा. वाटेतली सगळी दृष्ट, पीडा त्या तुकड्याबरोबर घराबाहेर. हे मनीला कुणी सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही. पुस्तकात नसणार.

वैशाली दारात उभी राहिली. मागं तिचे वडील, बॅग हातात. दाराच्या आत संदीप, हातात पट्टा. बाजूला मनी आणि मी. पण बायको आखाडभरानं समोर आलेली, त्याचं पट्ट्याकडं कशाला लक्ष असतंय! बंड्या जागेवर उभा होता. गुरगुरत नव्हता. शेपटी पण हलवत नव्हता. मनीनं माझं मनगट धरलं.

शोभाताईंनी तुकडा ओवाळला, तिच्या डोळ्यांना पाणी लावलं आणि तुकडा रस्त्याच्या बाजूला भिरकावला.

पट्टा सुटला. बंड्या सुसाट वैशालीच्या अंगावरूनच गेल्यासारखा गेला. ती भिंतीला चिकटली. तिच्या वडिलांनी बॅग पुढं धरली. बंड्यानं तुकडा उचलला. मला वाटलं, खाईल, संपलं. भाकरी म्हणजे त्याचा जीव. पण खाल्ला नाही. तोंडात धरून परत आला, वैशालीच्या पायाशी, अगदी उंबऱ्यावर, तुकडा ठेवला. खाली बसला. आणि तिच्या हाताकडं बघत राहिला.

सगळी दृष्ट कुत्र्यानं परत घरात आणून ठेवली होती. मनी तोंडावर हात ठेवून उभी. संदीप कसाबसा म्हणाला, "आई, त्याला शिकवलंय तसं. त्याची चूक नाही." वैशालीचा हात रिकामा होता. तरी तिनं तो पुढं केला आणि बारीक आवाजात म्हणाली, "आठे ये." बंड्यानं हात हुंगला, चाटला आणि तिच्या साडीला पाठ लावून बसला.

शोभाताई आत गेल्या. मी मनात म्हटलं, गेली ही हरसूलला फोन लावायला.

त्या बाहेर आल्या तेव्हा हातात सबंध भाकरी होती. एक तुकडा मोडला, बाकीची वैशालीच्या हातात दिली. "दे त्याला. किती वेळ झाला, बसलाय बिचारा." मग वाकून उंबऱ्यावरचा तुकडा उचलला, दोन्ही तुकडे मुठीत धरले आणि ओवाळायला लागल्या. आधी सुनेवरून. मग खाली बसून बंड्यावरून. तो भाकरी खाण्यात गुंग होता.

संदीप म्हणाला, "मी टाकून येतो, आई."

"नको. तुझ्या हातनं साधा पट्टा धरवत नाही. मीच कोपऱ्यापर्यंत जाते. तोवर तुम्ही तिघं आत व्हा."

त्या निघाल्या. गल्लीच्या टोकाला पोचल्या, वळल्या आणि सगळ्या सिडकोला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "उजवा पाय आधी! त्याचासुद्धा!"