पहिला हॉर्न चिंधीचा

चिंधी वाघेकडे गाडी चालवायचं लायसन नाही. तरीही पळस्पे फाट्याच्या आसपास धावणाऱ्या कितीतरी टेम्पोंच्या स्टिअरिंगवर आधी ती बसलीय, मग त्यांचे ड्रायव्हर. कुणाला खोटं वाटत असेल तर त्याने प्रभाकरशेठच्या गॅरेजात जाऊन विचारावं. मात्र विचारताना "ती कातकरीण कुठाय?" असं विचारू नये. तिथे तिला नाव आहे.

तिची वाडी कर्नाळ्याच्या पायथ्याला, गोवा हायवे सोडून थोडं आत. लहानपण वीटभट्टीवर गेलं, लग्नही भट्टीवरच ठरलं. नवरा दादू अजून दरवर्षी दिवाळीनंतर भट्टीवर जातो. ही एका वर्षी गेली नाही. मुकादम वाडीत येऊन ओरडला, तर म्हणाली, "चिखलात हात घालायचे तेवढे घातले. आता तुज्या बायकोला ने." मुकादम परत त्या दारात आला नाही. लोक अशा बाईला तोंडाळ म्हणतात. मी म्हणतो, तोंड आहे म्हणून ती आहे, नाहीतर अशा बायका आम्ही मोजत सुद्धा नाही.

प्रभाकरशेठच्या गॅरेजात ती झाडलोट करायला आणि गाड्या धुवायला आली. शेठ आगरी माणूस, पोट सुटलेला, तोंडाने फाटका, पण हिशेबाला सरळ. त्याचा हेडमिस्त्री रमेश. या रमेशचा पुढचा एक दात अर्धा आहे, आणि चिंधीची सगळी कारकीर्द त्या अर्ध्या दातावर उभी आहे.

झालं असं की एका जुन्या ट्रकचं स्टिअरिंग जाम झालं होतं. स्टिअरिंग काढायची रीत अशी की मधला नट सैल करायचा, पण पुरता काढायचा नाही, दोन आटे ठेवायचे, आणि मग चाक ओढायचं. रमेशने घाईत नट पुरता काढून खिशात टाकला आणि दोन्ही हातांनी जोर लावला. चाक सुटलं ते थेट तोंडावर. चिंधी बादली घेऊन बाजूला उभी होती. ती इतकी हसली की बादली सांडली. रमेश रक्त पुसत ओरडला, "हसतेस काय? ये, तू काढून दाखव!" पुढच्या वेळी तिने काढून दाखवलं. नट दोन आट्यांवर ठेवून. शेठ म्हणाला, "आता हे काम तूच कर गं बाय. माज्या गॅरेजात दात कमी उरलेत."

तेव्हापासून स्टिअरिंग आणि हॉर्न चिंधीचे. आधी बॅटरीची तार काढायची, नाहीतर बटणाला हात लागला की गाडी बोंबलते. चाकं सरळ करायची, दांड्यावर आणि स्टिअरिंगवर खडूने खूण करायची, हॉर्नचं बटण उचकटायचं, खालची स्प्रिंग डबीत ठेवायची. तिला हे सगळं रमेशने शिकवलं. अर्ध्या दाताने का होईना, शिव्या देत का होईना, पण शिकवलं. हे लिहिलं पाहिजे.

आता त्या गॅरेजची एक चाल सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. शेठच्या बापाच्या काळात एका मिस्त्रीने स्टिअरिंग बसवलं, ड्रायव्हर गाडी घेऊन गेला, आणि कर्नाळ्याच्या खिंडीत स्टिअरिंग त्याच्या हातात आलं. माणूस वाचला, पण म्हाताऱ्याने त्या दिवशी नियम घातला. ज्याने स्टिअरिंग बसवलं त्यानेच आधी सीटवर बसायचं. दोन्ही अंगांना पुरतं वळवायचं, गाडी फाटकापर्यंत नेऊन मागे आणायची, आणि पहिला हॉर्न वाजवायचा. हॉर्न म्हणजे त्याची जबान. माझं काम आहे, माझा जीव आधी. मग नारळ फुटणार, मग मालकाने गाडीला हात लावायचा. तोवर मालक मंत्री असला तरी बाहेर उभा.

चिंधीने हे काम घेतल्यावर पहिला टेम्पोवाला कुरकुरला होता, बाईने पहिला हॉर्न वाजवला तर गाडीला लाभत नाही म्हणून. शेठ म्हणाला, "मग तुज्या टेम्पोला दुसरं गॅरेज लाभंल." विषय संपला. म्हणजे आम्हाला वाटलं होतं की संपला.

परवाच्या शनिवारी उदयसिंह आले. मुंबईचा माणूस, चिंधीच्या वाडीला लागूनच त्यांचं फार्महाऊस आहे. पूर्वी ओढ्याकडे जाणारी पायवाट होती, तिथे आता त्यांचं कुंपण आहे. त्या बंद झालेल्या पायवाटेबद्दलच संघटनेचा कार्यकर्ता म्हणून मी चिंधीशी बोलायला गॅरेजात गेलो होतो, म्हणून जे झालं ते डोळ्यांनी पाहिलं.

गाडी देखणी होती, खोटं का बोला. जुनी, दोन सीटची, उघड्या टपाची, बाटलीसारखी हिरवी. रविवारी जुन्या गाड्यांची मिरवणूक होती. उदयसिंहांना मूळचं मोठं काळं स्टिअरिंग काढून लाकडी कड्याचं छोटं हवं होतं, आणि मधे काळ्या बटणाऐवजी चांदीच्या रंगाचं, घोडा कोरलेलं.

चिंधी कामाला लागली. ते बाहेर फोनवर होते, त्यामुळे कोण काम करतंय हे त्यांनी पाहिलंच नाही. जुनं चाक उतरलं, नवं बसलं, नट आवळला, घोड्याचं बटण टकदिशी बसलं. बॅटरीची तार जोडली. रमेश नारळ घेऊन आला. चिंधीने हात पुसले आणि गाडीचं दार उघडलं.

"ए, ए! काय करतेस?" उदयसिंह धावत आले. "शेठ, ही कोण?"

"आमची मिस्त्री," शेठ म्हणाला. "तिनं बसवलंय. आता पहिला हॉर्न तिचा. आमची चाल हाय."

"अहो, सीटचं लेदर इम्पोर्टेड आहे."

"मी काय ते खानार हाय?" चिंधी म्हणाली.

उदयसिंह हसले. फार सभ्य हसले. अशा हसण्याची मला चीड आहे. "गैरसमज नको. पण हिला ओळखतो मी, आमच्या मागच्या वाडीतली ना? शेठ, असं करा, या मिस्त्रींना बसू दे." आणि रमेशकडे बोट केलं.

रमेशचा शर्ट पाहायला हवा होता. इंजिन ऑइलचा डबा त्याच्यावर उपडा झाला होता सकाळी. चिंधीची साडी त्या मानाने लग्नाला जाण्यासारखी. म्हणजे प्रश्न लेदरचा नव्हताच. गॅरेजातल्या सगळ्यांना ते एकाच वेळी कळलं.

मी उठलो. तोंड उघडणार, तेवढ्यात चिंधी माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तू बस रं. भाषन सभेत कर." बसलो.

रमेश म्हणाला, "मी नाय बसनार."

"का?"

"माजा हात लागला नाय स्टिअरिंगला. ज्याचा लागला तो बसंल."

शेठ घाम पुसायला लागला. एवढं मोठं गिऱ्हाईक, त्याच्या ओळखीच्या अजून चार गाड्या आल्या असत्या. तो चिंधीला कडेला घेऊन म्हणाला, "अगं, एक दिवस. एक पेपर अंथर सीटवर नि बस. त्यांचं बी राहील, तुजं बी राहील."

उदयसिंहांनी ऐकलं. "हां, पेपर चालेल," म्हणाले, आणि टेबलावरचा पेपर उचलून स्वतःच्या हाताने सीटवर अंथरला. पुढे होऊन नीट कडा दाबल्या. आपण किती मोठं मन केलं हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

चिंधीने पेपर उचलला, घडी केली आणि शेठच्या हातात दिला. "शेठ, ट्रकवर बसले तवा पेपर नव्हता. टेम्पोवर नव्हता. त्या पोलिसाच्या जीपवर नव्हता. आज पेपरवर बसले तर उद्या टेम्पोवाला बी पेपर घिऊन येल." मग उदयसिंहांकडे वळली. "तुमाला माजा हात चालतो, बूड चालत नाय. मग हात बी नका घेऊ."

"म्हणजे?"

"म्हंजे नट काडते."

बोलता बोलता तिने बॅटरीची तार काढली, घोड्याचं बटण उचकटलं, नट सैल केला, दोन आट्यांवर ठेवला, आणि लाकडी चाक काढून कापडात गुंडाळून बाकावर ठेवलं. स्टिअरिंगच्या जागी नुसता दांडा उरला. जगात कितीही महाग गाडी असो, स्टिअरिंग काढलं की ती म्हशीसारखी दिसते, खुंट्याला बांधलेल्या.

"हे काय चाललंय? मी दुसऱ्या गॅरेजात नेईन!"

"न्या की," शेठ म्हणाला. त्याच्या आवाजात पहिल्यांदाच बापाचा आवाज आला असावा. "कशी नेता? ढकलली तरी चाकं वळवायला हातात काय तरी पायजेल. इथे पुढं खड्डा हाय, पलीकडं फाटक."

चिंधीने पाना पुढे केला. "तुमीच बसवा. पाना द्यायला मी नाय म्हननार नाय. तुमी बसवलं तर पहिला हॉर्न तुमचा. चाल तीच हाय."

खरं सांगतो, त्याने तो पाना घेतला असता तर मी त्या माणसाला मानलं असतं. त्याने घेतलाही, क्षणभर. ग्रीसने माखलेला होता. पांढऱ्या पँटकडे बघितलं, बोटांकडे बघितलं, आणि पाना बाकावर ठेवून दिला.

"जुनं लाव," तो म्हणाला. "जशी आणली तशी दे. मला नको तुमचं काम. मी जातो."

"लावते," चिंधी म्हणाली. लगेच, काही कुरकुर नाही. जुनं काळं चाक उचललं, खडूच्या खुणा जुळवल्या, नट आवळला, अंगाचं वजन टाकून शेवटचा पीळ दिला. स्प्रिंग, वर साधं काळं बटण. तार जोडली. उदयसिंह दार उघडायला पुढे झाले.

चिंधीने दारावर हात ठेवला.

"आता काय?"

"हे बी मीच बसवलं ना?"

गॅरेजात कुणी हसलं नाही. हसायची हिंमत नव्हती. मग रमेशच्या अर्ध्या दातातून शिट्टीसारखं काहीतरी निघालं, आणि त्याने तोंड फिरवलं. शेठ वर पत्र्याकडे बघत राहिला.

"काडू परत?" चिंधीने विचारलं. "काडते. लावते. काडते. मला साहापर्यंत सुट्टी नाय."

उदयसिंहांनी फोन काढला, कुणाला लावावा ते सुचेना, परत खिशात घातला. मग ते दारापासून बाजूला झाले. हो म्हणाले नाहीत. तो शब्द अशा माणसांच्या तोंडून निघत नाही, पाय तेवढे बाजूला होतात. पुरे आहे.

चिंधी बसली. साडी सावरून, पाठ टेकून, पुरती बसली. डावीकडे पुरतं वळवलं, उजवीकडे पुरतं वळवलं. गाडी सुरू करून फाटकापर्यंत नेली, मागे आणली. आणि मग तळहात बटणावर ठेवला आणि ठेवूनच दिला. हायवेवरचा एक कंटेनरवाला आपल्यालाच कुणीतरी बोलावतंय असं समजून थांबला. दर सुट्टीला वाडीतल्या बायापोरींना रस्त्यावरून हटवणारा तो हॉर्न होता, आणि त्या दिवशी तो वाडीतल्याच बाईच्या हाताखाली होता. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा बटणासाठी एवढं? मग त्या माणसाने एवढ्याशा बटणासाठी एवढं का केलं, ते त्याला विचारा. मला विचारू नका.

ती उतरली. रमेशने नारळ फोडला. शेठने रिवाजाप्रमाणे खोबऱ्याचा पहिला तुकडा मालकापुढे धरला. मालकाने तो न घेताच गाडी काढली. लाकडी स्टिअरिंग आणि घोडा बाजूच्या सीटवर आपटत गेले. तो तुकडा चिंधीने खाल्ला.

"गिऱ्हाईक घालवलंस," शेठ म्हणाला.

"मग उद्यापासून काडायला दुसरी बघ."

"उद्याचं उद्या. तो बघ, बोलेरोवाला कवाचा बसलाय."

बोलेरोवाला चिंचवलीचा पोऱ्या, सगळा तमाशा बघून बसलेला. घाबरून उठला, स्वतःच दार उघडलं. "मावशी, हॉर्न वाजत नाय बगा. तुमीच बसा, तुमीच वाजवा पहिला."

चिंधीने बटण उचकटलं, आत बघितलं, तुटलेली तार बोटाने वर काढून जोडली आणि बटण परत बसवलं.

"स्टिअरिंग नाय काडलं मी," ती म्हणाली. "नुसत्या तारेला माजा हॉर्न नाय. बस तू, नि वाजव."