पत्रकातली माझी ओळ

समितीवर माझी निवड वगैरे झाली नव्हती. नागपूरच्या एका वैद्यकीय परिषदेत जेवणाच्या सुट्टीआधी एक फॉर्म वाटला होता. त्यात शेवटी विचारलं होतं, ‘संस्थेच्या कामात स्वेच्छेने भाग घ्यायला आवडेल का?’ मी ‘हो’च्या चौकोनात खूण केली. नाही म्हणायला काही कारण सुचलं नाही, एवढंच.

संस्था डॉक्टरांची होती, डेलिरियमवर काम करणारी. मी डॉक्टर नाही. वर्धा जिल्ह्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात हाडांच्या वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर आहे. डेलिरियम हा शब्द मला उशिरा कळला, पण ती अवस्था मी नोकरीच्या पहिल्या आठवड्यापासून पाहत आले आहे. ऑपरेशननंतर किंवा तापात म्हातारं माणूस अचानक भ्रमतं. सकाळ की संध्याकाळ ते कळत नाही, सख्खा मुलगा ओळखू येत नाही. कोणी सलाईन उपसून टाकतं, ओरडतं. कोणी नुसतं गप्प पडून भिंतीकडे बघत राहतं. आत काही तरी बिघडलेलं असतं. ते सापडलं आणि दुरुस्त झालं तर बहुतेक माणसं ताळ्यावर येतात. हे सगळं त्या परिषदेत नीट मांडून सांगितलं. आम्ही मात्र पूर्वी अशा पेशंटचे हात पट्टीने कठड्याला बांधत असू. मीही बांधले आहेत.

समितीत आम्ही आठ जण होतो. अध्यक्ष पुण्याच्या, वृद्धांच्या आजारांच्या निवृत्त डॉक्टर. बाकीचेही बहुतेक डॉक्टरच, एक मानसतज्ज्ञ, एक फिजिओथेरपिस्ट आणि मी. काम एकच होतं, नातेवाइकांसाठी मराठीत एका पानाचं पत्रक तयार करायचं. महिन्यातून एकदा, शनिवारी चार वाजता, फोनवर बैठक व्हायची. वॉर्डात शांतता मिळत नाही, म्हणून मी चादरींच्या खोलीत जाऊन बसायची. बाहेरून कोणीतरी दार ठोठावायचं, उशीची खोळ मागायचं, मी एका हाताने खोळ द्यायची आणि दुसऱ्या हाताने फोन धरायची.

पहिल्या दोन बैठका डेलिरियमला मराठीत काय म्हणायचं यातच गेल्या. कोणी संभ्रमावस्था म्हणे, कोणी मतिभ्रम. अध्यक्षांनी मला विचारलं, “सिस्टर, तुमच्याकडे लोक काय म्हणतात?” मी म्हटलं, “आमच्याकडे म्हातारं माणूस असं करायला लागलं की म्हणतात, बुडा भ्रमला.” दोघे-तिघे हसले. मग ठरलं, वर संभ्रमावस्था आणि खाली कंसात भ्रमणे.

तिसऱ्या बैठकीत मी पहिल्यांदा आपणहून बोलले. आमच्या वॉर्डात एक गोंड म्हातारी होती. दोन दिवस तिच्या केसपेपरवर ‘भ्रमलेली’ असा शेरा पडत होता, कारण विचारलेल्या एकाही प्रश्नाचं ती मराठीत उत्तर देत नव्हती. तिसऱ्या दिवशी तिचा भाचा आला, त्याच्याशी ती गोंडीत बोलली आणि त्याने आम्हाला सांगितलं, मावशीचा सलाईनचा हात दुखून राह्यला. हात खरोखर सुजला होता. बाई शुद्धीत होती आणि दोन दिवस तेच सांगत होती.

अध्यक्ष म्हणाल्या, “हे पत्रकात यायलाच हवं.” अशी माझी ओळ तयार झाली: ‘वेगळी भाषा बोलणारा माणूस भ्रमलेला नसतो.’ मसुद्यात ती चौथ्या क्रमांकावर होती. मला तिचा अभिमान वाटत होता, हे लपवत नाही. घरी जेवताना मी ती नवऱ्याला म्हणूनही दाखवली होती.

त्यानंतर काही आठवड्यांनी समुद्रपूर तालुक्यातले एक बाबा आमच्याकडे भरती झाले. वय सत्तरीच्या पुढे. शेतातल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. तेही गोंड. सोबत मुलगी होती, चाळिशीची, वनविभागाच्या रोपवाटिकेत मजुरीला जाणारी. ते आले आणि ऑपरेशन झालं, तेव्हा मी रजेवर होते. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी, सकाळच्या राउंडला.

शिकाऊ डॉक्टर नवा होता आणि मन लावून काम करणारा होता. त्याने खाली वाकून विचारलं, “बाबा, आज कोणता वार आहे?” बाबांनी खिडकीकडे पाहिलं आणि हळू आवाजात गोंडीत काहीतरी पुटपुटले. डॉक्टरने पुन्हा विचारलं. पुन्हा तसंच. तो केसपेपरवर लिहायला लागला, तेव्हा मी बोलले.

“सर, ते गोंडी बोलतात. मराठीत विचारायचं आणि भ्रमलेत म्हणून लिहायचं, हे बरोबर नाही.”

जरा मोठ्यानेच बोलले असणार, कारण शेजारच्या पलंगाजवळच्या नर्सिंगच्या विद्यार्थिनी माझ्याकडे पाहायला लागल्या. डॉक्टरने लिहिलेलं खोडलं. बाबांची मुलगी तेवढ्यात चहा घेऊन आली. मी तिला म्हटलं, “बाबा आपल्या भाषेत बोलत आहेत, काळजी करू नका,” आणि पुढच्या पलंगाकडे गेले.

बाबांची लघवीची नळी आदल्या दिवशी दुपारी काढली होती. चादर ओली झालेली होती, त्यावरून लघवी होते आहे असं सगळ्यांनी धरलं. मीही धरलं.

दुपारी दोनच्या सुमारास मी ड्रेसिंगची ट्रॉली घेऊन चालले होते, तेव्हा त्या मुलीने मला थांबवलं.

“सिस्टर, एक गोष्ट इचारू काय?”

“विचारा ना.”

“बाबा काय बोलून राह्यले, तुमाले समजते काय?”

“नाही. मला गोंडी येत नाही.”

“मले येते,” ती म्हणाली. “अन् मलेबी समजून नाई राह्यलं.”

मी ट्रॉली बाजूला लावली.

“थे म्हनून राह्यले का बैल पान्यात गेले, दोर सोड. आमच्याकडे बैलच नाई. कवाचेच इकले. अन् मले माय म्हनून हाका मारते. मी त्यायची पोरगी आहो, माय नाई.”

“हे कधीपासून?”

“काल संध्याकाळपासून थोडं थोडं. आज सकाळपासून जास्ती.”

“मग सांगितलं का नाही?”

ती माझ्याकडे पाहत राहिली. रागाने नाही. प्रश्न तिला नीट कळला नसावा असं वाटलं.

“सांगतच होती ना तुमाले. सकाळीच. तुमी म्हनलं, आपल्या भाषेत बोलते, काळजी करू नोका. मंग मी चूप बसली.”

मला आठवलं. चहाचा पेला हातात धरून ती ‘नाई पन सिस्टर’ म्हणाली होती आणि मी वळले होते.

बाबांची चादर बाजूला केली आणि बेंबीखाली हात ठेवला. पोट दगडासारखं टणक होतं. हात लागताच त्यांनी तोंड वाकडं केलं. आत लघवी तुंबली होती आणि वरचेवर थोडी थोडी गळत होती, चादर ओली होत होती ती त्यानेच. डॉक्टरला बोलावलं, नळी पुन्हा घातली. नळीला जोडलेली पिशवी भरत गेली आणि भरतच गेली. लघवीत जंतुसंसर्ग निघाला, अंगात बारीक तापही होता. औषध सुरू झालं. मुलीला आम्ही पलंगाशेजारीच बसवलं आणि सांगितलं, तुमच्या भाषेत बोलत राहा, तुम्ही कोण आणि ते कुठे आहेत हे सांगत राहा. दोन दिवसांनी त्यांनी तिला तिच्या नावाने हाक मारली.

झालेलं सगळं मी केसपेपरवर लिहिलं आणि विभागप्रमुखांना सांगितलं. कोणी रागावलं नाही. शिकाऊ डॉक्टरने त्या सकाळी जे लिहायला घेतलं होतं ते बरोबर होतं आणि मी ते खोडायला लावलं होतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. दोन दिवस मी त्याच्याशी फक्त कामापुरतं बोलले. मग एकदा औषधाच्या कपाटापाशी त्याला म्हटलं, “सर, त्या दिवशी माझी चूक झाली.” तो म्हणाला, “सिस्टर, मीही पोटाला हात लावला नव्हता.” विषय तिथेच संपला.

पुढच्या बैठकीत मसुदा समोर होता आणि चौथ्या क्रमांकावर माझी ओळ होती. मी घडलेलं सांगितलं. कोणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली. मग मानसतज्ज्ञ म्हणाले की ओळ काढून टाकू. दुसरे एक डॉक्टर म्हणाले, काढायची कशाला, एका प्रसंगाने ती खोटी ठरत नाही. थोडा वाद झाला. अध्यक्षांनी मला विचारलं, “पहिल्या बाई शुद्धीत होत्या. हे गृहस्थ नव्हते. दोन्ही वेळा तुम्हाला फरक कोणी सांगितला?”

“एकदा भाच्याने. एकदा मुलीने.”

“मग तेच लिहा.”

मी चादरींच्या गठ्ठ्यावर कागद ठेवून लिहिलं आणि वाचून दाखवलं: ‘तुमचा माणूस नेहमीसारखा वाटत नसेल, त्याचं बोलणं त्याच्या स्वतःच्या भाषेतही जुळत नसेल, तर लगेच सांगा. ऐकलं नाही तर पुन्हा सांगा.’

शेवटच्या वाक्यावर हरकत आली. यातून असं दिसतं की आम्ही ऐकत नाही, असं एक जण म्हणाले. मतं घेतली. पाच विरुद्ध तीन, वाक्य राहिलं.

छापण्याआधी प्रत्येकाने एका-दोघा नातेवाइकांना पत्रक वाचून दाखवायचं ठरलं. मी सुट्टीच्या दिवशी एसटीने समुद्रपूरला गेले आणि तिथून ऑटोने त्या मुलीच्या गावी. बाबा अंगणात खाटेवर बसले होते, जवळ वॉकर उभा होता. मी मुलीला सांगायला लागले की बाबांना सांगा, मी अमुक अमुक. ते मध्येच म्हणाले,

“मले सांगा ना. मी इथंच आहो.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. “बाबा, तुम्हाला मराठी येतं?”

“काऊन नाई येनार? सारी जिंदगी बजार करत आलो. मराठी नाई येईन तं कापूस कोनाले इकू?”

मुलगी आतून पाणी घेऊन येत होती. ती म्हणाली, “भरती केलं त्या दिवशी तुमच्या नर्स पोरीयसंग मराठीतच बोलले. जेवाचं नाई पटलं म्हून भांडलेबी.”

मी पाणी प्यायले. त्यांना मराठी येत नाही हे मला कोणीही सांगितलं नव्हतं. मी ठरवून टाकलं होतं. त्या सकाळी त्यांचं मराठी गेलं होतं, तीच खरी खूण होती, आणि ती त्यांना आधी मराठी बोलताना ऐकलेल्या माणसालाच दिसण्यासारखी होती.

तिने पत्रक घेतलं आणि बोट ठेवून सावकाश वाचलं. संभ्रमावस्था या शब्दापाशी थांबली, पुढे गेली. शेवटी म्हणाली, “एक गोष्ट नाई यात. आमच्या गावात लोक म्हनत होते, बुडा येडा झाला, आता असाच राह्यन. येडा नाई होत, हे लिहा ना.”

मी मागच्या बाजूला लिहून घेतलं.

मग बाबांनी विचारलं, “मी तुमाले काई वाईट बोललो काय?”

“नाही. काही बोलला नाहीत.”

“मले थोडं थोडं याद आहे,” ते म्हणाले. “पान्यात उभा होतो. मोठा पूर. पांढऱ्या कपड्याच्या बाया काठावर उभ्या होत्या, मले पाहून राह्यल्या होत्या. मी हाका मारो, कोनी हात देईना.” ते जरा हसले. “कोनाले सांगतलं नाई मी. हसतीन.”

मी म्हटलं, “असं खूप जणांना दिसतं, बाबा. त्यात हसण्यासारखं काही नाही.” पांढऱ्या कपड्यांतल्या बायांमध्ये मी होते की नाही, हे मी विचारलं नाही. त्या दिवशी सकाळी त्यांच्या पायाशी मीच उभी होते.

निघताना ते वॉकर घेऊन अंगणाच्या कडेपर्यंत आले. पावलं सावध होती, पण सरळ पडत होती.

मुलीची सूचना समितीने वादाशिवाय घेतली. ‘हे वेड नाही’ अशी ओळ सगळ्यात वर, ठळक अक्षरांत आली. पत्रक छापून झालं. आमच्या वॉर्डात ते दाराशी लावलेलं आहे. कोणी वाचतं, कोणी त्याला टेकून मोबाईल बघतं. शिकाऊ डॉक्टर आता राउंडला वाराचा प्रश्न विचारण्याआधी नातेवाइकांकडे वळतो, हे मी पाहिलं आहे.

समितीची मुदत संपली, तेव्हा तोच फॉर्म पुन्हा आला. मी पुन्हा ‘हो’ म्हटलं. या खेपेला मी गोंडी आणि मराठी दोन्ही बोलणारा माणूस समितीत हवा असं लिहून दिलं, आणि बाबांच्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, शनिवारी रोपवाटिकेत काम असते, जमणार नाही. बैठकीची वेळ बदलता येईल का, हे मी अध्यक्षांना विचारलं आहे. अजून उत्तर आलेलं नाही.

मधूनमधून तिचा फोन येतो. जास्त बोलत नाही. “सिस्टर, आमच्याकडची एक बाई आली तुमच्या दवाखान्यात. जरा पाहून येजा.” मी वॉर्ड विचारून घेते आणि हातातलं काम झालं की जाऊन येते.