ऑडिटपुरती गोळी

बोम्मसंद्र्याच्या त्या कारखान्यात रघुपतीची सही म्हणजे शेवटचा शब्द. बॉयलरवरचे, कॉम्प्रेसरवरचे, पाइपलाइनवरचे जेवढे म्हणून प्रेशर गेज होते, ते सगळे सहा महिन्यांतून एकदा त्याच्या खोलीत तपासणीला यायचे. तो एकेक बाकावर चढवायचा, दाब द्यायचा, काटा कुठं थांबतो ते भिंगातून बघायचा आणि हिरवं स्टिकर लावायचा, नाहीतर लाल. हिरवं म्हणजे वापरा, लाल म्हणजे भंगार. एकदा प्रॉडक्शनच्या देवाप्पानं ऑडिटच्या आदल्या दिवशी एका गेजला टिचक्या मारमारून काटा शून्यावर आणला आणि गुपचूप बाकावर ठेवून दिला. रघुपतीनं ते ओळखलं आणि सगळ्यांच्या देखत कानडीतून त्याची अशी बिनपाण्याने केली की विचारू नका. "ऑडिटर काय, उद्या संध्याकाळच्या विमानानं जाईल परत. बॉयलर इथंच राहणार आहे ना रे?"

आणि हाच शहाणा गेली नऊ वर्षं स्वतःच्या बाबतीत नेमकं तेच करत होता.

बनशंकरीतल्या घराजवळच्या डॉक्टरांनी नऊ वर्षांपूर्वी त्याला बीपी आहे म्हणून सांगितलं होतं. रोज सकाळी एक गोळी, जन्मभर. रघुपतीला त्या जन्मभराचाच राग आला. दुखत नाही, खुपत नाही, चक्कर नाही, दोन जिने धावत चढतो आणि म्हणे जन्मभर! त्यानं आठ दिवस गोळ्या घेतल्या, आकडा खाली आला, पाकीट ड्रॉवरमध्ये गेलं. मग दर ऑक्टोबरात कारखान्यात मेडिकल कॅम्प लागायचा. त्याच्या दहा दिवस आधी ड्रॉवर उघडायचा. गोळी सुरू, लोणचं बंद, सांडगे-पापड बंद, रात्री नऊला अंथरुणात. कॅम्पच्या दिवशी आकडा यायचा एकशे सव्वीस-ब्याऐंशी. डॉक्टर 'फिट' लिहायचे. संध्याकाळी घरी आल्या आल्या स्वारी म्हणायची, "सुचेता, ते आंब्याचं लोणचं कुठंय?"

सुचेता म्हणजे त्याची बायको. ती सुरुवातीला बोलायची, भांडायची. "अहो, गोळी कॅम्पसाठी नसते, तुमच्यासाठी असते." हा हसण्यावारी न्यायचा. पुढं तिनंही बोलणं सोडून दिलं. नऊ फिट सर्टिफिकेटं होती त्याच्याकडे, एका फाइलमध्ये ओळीनं लावलेली. त्यांच्यापुढं ती बिचारी काय बोलणार?

अनुसूयाच्या किडन्या गेल्या नसत्या, तर ही फाइल अशीच जाडजूड होत राहिली असती.

अनुसूया त्याची धाकटी बहीण. शाळेत शिकवायची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, भावाच्याच घरात वरच्या मजल्यावर राहायची. तरुणपणापासूनचा किडनीचा विकार होता तिला, तो दोन वर्षांपूर्वी शेवटाला गेला. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस. मंगळवार-गुरुवार सुचेता नेते, शनिवारी रघुपती. पाणी मोजून प्यायचं, दिवसाला पाऊण लिटर, त्यातच चहा, त्यातच सार. तिला ते मोजता यावं म्हणून रघुपतीनं कारखान्यातल्या मेजरिंग सिलिंडरनं पाणी ओतून एका पारदर्शक बाटलीवर पन्नास-पन्नास मिलिलिटरच्या बारीक रेघा मारून दिल्या होत्या. पंधरा रेघा. एका रेघेत जेमतेम दोन घोट. उन्हाळ्यात ती बाटली मांडीवर घेऊन बसायची आणि रेघांकडे बघत राहायची.

म्हणून जेव्हा डॉक्टरांनी सख्ख्या नात्यातल्या कुणाची किडनी चालेल म्हणून सांगितलं, तेव्हा त्यानं मागचापुढचा विचार केला नाही. "माझी घ्या." रक्तगट जुळला. बाकीचंही जुळलं. त्या दिवशी त्यानं घरात म्हैसूरपाक वाटला आणि बहिणीला ऐटीत सांगितलं, "अनू, तयारी ठेव. जूनमध्ये ऑपरेशन, दिवाळीत तू भांडंभर पाणी पिणार. आणि माझं काय विचारतेस? नऊ वर्षं फिट!"

अनुसूया नुसती रडली. मग म्हणाली, "भांडंभर नको अण्णा, एक तांब्या."

हॉस्पिटलात डॉक्टर श्वेता होत्या, नागपूरच्या, वयानं रघुपतीपेक्षा वीस वर्षांनी तरी लहान. पहिल्याच तपासणीला आकडा लागला एकशे चौसष्ट-अठ्ठ्याण्णव. रघुपती म्हणाला, हॉस्पिटलचा वास आला की माझं वाढतं. "होतं काका असं," त्या म्हणाल्या. "म्हणून आपण चोवीस तासांचं मशीन लावू. रोजच्यासारखं कामाला जा, जेवा, झोपा. ते आपोआप मोजत राहील."

आता गंमत बघा. दंडाला पट्टा, कमरेला डबी. दर अर्ध्या तासानं पट्टा फुगणार, दंड आवळणार, हळूहळू सुटणार. आणि डबीवर आकडा दिसणार नाही! मुद्दामच दाखवत नाहीत, माणूस घाबरतो म्हणून. ज्यानं तीस वर्षं दुसऱ्यांचे काटे वाचले, त्याच्या स्वतःच्या दंडावर मीटर, आणि वाचायची सोय नाही. रघुपतीचा जीव नुसता वरखाली.

त्यानं सकाळी निघताना ड्रॉवरमधली गोळी घेतलीच होती. कंपनीच्या बसमध्ये पट्टा पहिल्यांदा आवळला तेव्हा बस ट्रॅफिकमध्ये अडकली होती, पुढचा ट्रक हॉर्न वाजवत होता. झालं, हे रीडिंग गेलं, त्याच्या मनात आलं. त्यानं डोळे मिटले, श्वास सोडला, दुसरं काहीतरी आठवायचा प्रयत्न केला. आठवली ती बाटली. पंधरा रेघा.

साडेआठला पुन्हा आवळला. नऊला पुन्हा. दहाला दारातून देवाप्पानं विचारलं, "काय सर, तुमचंच कॅलिब्रेशन?" आणि सगळे हसले. एरवी रघुपतीनं त्याला सोडला नसता. त्या दिवशी तो गप्प बसला, कारण चिडलं तर आकडा वाढेल. साडेदहाला त्याला राहवेना. त्यानं खिशातून दुसरी गोळी काढली आणि गिळली. कुणाला न विचारता, आपल्याच अकलेनं. बारापर्यंत बाकाजवळ उभं राहवेना, पाय लटपटायला लागले, डोळ्यांपुढं अंधारी आली. तो खुर्चीत बसला आणि मनात म्हणाला, सरी, ठीक आहे, म्हणजे उतरलंय खरं. बरं वाटलं त्याला! चक्कर आली म्हणून खूश झालेला माणूस तुम्ही कधी पाहिलाय?

चार दिवसांनी डॉक्टर श्वेतांनी कागद टेबलावर पसरला. रघुपतीला आलेख वाचायला कुणी शिकवायची गरज नव्हती. सकाळी रेघ उंच. साडेदहानंतर एकदम खड्डा. दुपारनंतर पुन्हा चढण आणि झोपेत, जिथं ती खाली यायला हवी, तिथं ती तशीच वर, पहाटेपर्यंत.

"काका, खरं सांगा. अकराच्या सुमाराला काय केलंत?"

रघुपतीनं खिडकीबाहेर पाहिलं. मग सांगितलं. दुसऱ्या गोळीचं सांगितलं, मग ड्रॉवरचं, मग कॅम्पचं. सांगताना त्याचे कान तापले होते.

डॉक्टर चिडल्या नाहीत. पुढचा कागद काढला. "हा तुमच्या हार्टचा इको. भिंत अकरा मिलिमीटरच्या आत हवी. तुमची चौदा आहे."

"जाड म्हणजे मजबूतच ना?" त्यानं आशेनं विचारलं.

"नाही हो. रोज जास्त जोर लावून रक्त ढकलावं लागलं म्हणून जाड झाली ती. जाड भिंत नीट सैल पडत नाही, मग रक्त नीट भरत नाही, आणि एक दिवस ढकलायचंही जड जातं. डोळ्यांच्या मागच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात. आणि लघवीतून प्रोटीन जातंय. किडनीतल्या चाळण्या फार नाजूक असतात काका. इतकी वर्षं त्यांच्यावर जास्त दाबानं रक्त आदळलं. त्या गळायला लागल्यात."

"पण मला तर कधीच काही झालं नाही!"

"दुखत नाही, हाच तर घोळ आहे ना याचा."

हे मात्र त्याला लगेच कळलं. सतत शेवटच्या आकड्याजवळ चालवलेला गेज त्यानं शंभरदा उघडला होता. आतली वाकडी पितळी नळी बाहेरून चकचकीत दिसते, पण तिची लवचीकता गेलेली असते. दाब काढून घेतला तरी काटा शून्यावर येत नाही. अशा गेजला तो क्षणाचाही विचार न करता लाल स्टिकर लावायचा.

"एक किडनी आम्ही काढली, की दुसरीवर तुम्हाला आयुष्य काढायचं," डॉक्टर म्हणाल्या. "ती दुसरीही गळतेच आहे. नाही घेता येणार काका."

रघुपतीनं विचारू नये ते विचारलं. "रोज घेतली असती तर?"

डॉक्टरांनी कागद एकत्र केले. "सांगता येत नाही. पण एका गोळीवर बीपी ताब्यात आहे, कुठं काही बिघडलेलं नाही, अशा माणसांची आम्ही घेतो कधीकधी." मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "तुमचे रिपोर्ट खाजगी आहेत. ताईंना आम्ही फक्त 'डोनर योग्य नाही' एवढंच सांगू. कारण सांगायलाच हवं असं नाही."

म्हणजे पळवाट होती. चांगली, कायदेशीर पळवाट.

शनिवारपर्यंतचे तीन दिवस त्या माणसानं कसे काढले ते सुचेताला विचारा. बसला की उठायचा, उठला की जिन्यापर्यंत जायचा आणि दोन पायऱ्या चढून परत यायचा. गेटला कुलूप लावून पुन्हा बघून यायचा. वरून अनुसूयाची हाक आली, "अण्णा, डॉक्टर काय म्हणाल्या रे?" तर हा ओरडला, "शनिवारी सांगतो, शनिवारी!" आणि स्वतःच्याच आवाजानं दचकला. शुक्रवारी त्यानं ती नऊ सर्टिफिकेटं काढून पाहिली. सगळी खरी होती, शिक्क्यासकट. खोटं एकही नाही. आणि सगळी कुचकामी. सुचेता जेवायचं ताट घेऊन समोर उभी राहिली तेव्हा तो एवढंच म्हणाला, "तू सांगत होतीस." लोणच्याची बरणी तिनं आत नेऊन ठेवली.

शनिवारी दुपारी डायलिसिसच्या हॉलमध्ये अनुसूया पलंगावर टेकून बसली होती. हाताला दोन नळ्या, शेजारी मशीन घरघरतंय, उशाशी ती रेघांची बाटली. रघुपती स्टुलावर बसला, उठला, पुन्हा बसला.

"बस की जरा स्वस्थ. मला सांगितलंय त्यांनी," ती म्हणाली. "योग्य नाही म्हणाल्या. नशीब माझं. तू काय करणार त्याला?"

इथं गप्प बसला असता तर सुटला असता. बहिणीनं आपण होऊन दार उघडून दिलं होतं. पण शून्यावर आणून ठेवलेला काटा त्याला आयुष्यात कधी बघवला नव्हता.

"नशीब नाही, अनू. मी."

आणि त्यानं सांगितलं. नऊ वर्षं, ड्रॉवर, कॅम्प, लोणचं, सगळं. रोज गोळी घेतली असती तर कदाचित किडनी देता आली असती, हेही सांगितलं.

अनुसूयाचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "नऊ वर्षं?" ती म्हणाली. "एवढीशी गोळी रे! मी इथं रेघा मोजतेय अण्णा, आणि तू... तू एक घोट पाण्याचा आळस केलास?" शेजारच्या पलंगावरच्या बाईंनी मान वळवली. अनुसूयानं तोंड भिंतीकडे फिरवलं. तिचे खांदे हलत होते, आणि नळ्यांमुळे तिला पूर्ण पाठही फिरवता येत नव्हती. रघुपतीनं रुमाल पुढं केला. तिनं तो घेतला नाही.

असा तास गेला असेल. नर्स येऊन मशीन बघून गेली.

"किडनीसाठीच्या यादीत नाव घातलं तर किती वर्षं लागतात?" भिंतीकडे बघतच अनुसूयानं विचारलं.

"चार. पाचही."

"म्हणजे चार-पाच वर्षं शनिवारी मला इथं आणणार कोण?"

"मीच."

"आणि तू मध्येच आडवा झालास म्हणजे?" ती वळली. डोळे सुजले होते, पण आवाज वर्गातला होता. "आजची घेतलीस?"

रघुपती काहीतरी पुटपुटला. डॉक्टरांनी नवी गोळी लिहून दिली होती, ती तीन दिवस त्याच्या खिशात होती, न उघडलेली. कशाला घ्यायची आता, अशा विचारानं.

"काढ."

त्यानं काढली. पाणी आणायला म्हणून तो उठला.

"बस खाली," अनुसूया म्हणाली. मोकळ्या हातानं तिनं उशाशी ठेवलेली बाटली उचलली आणि त्याच्यापुढं धरली. बाटलीत संध्याकाळपर्यंतच्या चार रेघा उरल्या होत्या.

"अगं, तुझं मोजलेलं पाणी आहे ते..."

"मोजलेलंच पी. म्हणजे विसरणार नाहीस."

रघुपतीनं गोळी जिभेवर ठेवली आणि जमेल तेवढा लहान घोट घेतला. गोळी घशात अडकली. त्याला अजून एक घोट घ्यावा लागला. त्यानं बाटली खाली ठेवली तेव्हा तीन रेघा उरल्या होत्या.