आईच्या पोटातले चांगले जंतू

हसलात तरी चालेल, पण माझा पराक्रम ऐकाच! मला वाटलं होतं, परदेशात सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली मी अंबरपेठेत उतरणार आणि आईला वाचवणार. घरी पाहिलं तर बीजकोशाच्या कॅन्सरसाठी केमो घेणारी आईच मला धीर देत होती.

मी काय गप्प बसते? "आई, केमोनं आतड्यातले चांगले जंतू मरतात. ते आपण परत भरायचे!" मग दही, ताक, आंबवलेली नाचणीची आंबील. वर कॅप्सूल.

शेजारच्या लक्ष्मी आंटींनाही भाषण ऐकवलं. झालं! गल्लीभर बातमी. रोज कुणीतरी दारात.

"पेरुगु आणलंय गं, घरचं दही. अम्मीला दे!"

आई हसून वाटी घ्यायची. वाटी रिकामी परत. मी धन्य!

पुढच्या केमोआधी डॉक्टरांनी विचारलं, "काय खातात?" मी छाती फुगवून सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.

"पांढऱ्या पेशी इतक्या कमी असताना जिवंत जंतू? रक्तात शिरले तर? आम्हाला विचारायचं तरी!"

तेवढ्यात आई हळूच म्हणाली, "डॉक्टर, मी खाल्लंच नाही. तोंडात फोड आलेत, आंबट झोंबतं. ही अंघोळीला गेली की मी मागच्या दारच्या मांजराला द्यायचे."

"मग तू काय खात होतीस?"

"थोडं पाणी. भूक कुठंय बेटा?"

वजन बरंच उतरलं होतं. डॉक्टरांनी केमो पुढे ढकलली. रिक्षात मी रडकुंडीला येऊन विचारलं, "बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तू किती खूश होतीस! घरात दुसरं कोण खूश होतं?"

इतकी वर्षं शिकले, पण आईला काय खावंसं वाटतं, एवढा एक प्रश्न मला सुचला नव्हता.

सकाळी विचारला.

"गरम मऊ भात," ती म्हणाली. "पण त्यात कोणते जंतू ते सांगू नक्को हां!"

भात केला. लगदा झाला, शिवाय खाली करपला. आईनं एक घास घेतला. "छान झालाय."

तेव्हाच ठरवलं: ही 'छान' म्हणाली की विश्वास ठेवायचा नाही. घास गिळेपर्यंत शेजारी बसायचं. तोंड मिटून.