घाईनं लावलेला चांद

मैत्रिणींनो, आज माह्या हातून एक घाई झाली.

लग्न होऊन केनवडले गेलेल्या सकिनासाठी मी ईदचं कार्ड बनवलं. निळ्या पतंगी कागदावर कापसाचे ढग, जुन्या चोळीवरच्या टिकल्यांच्या चांदण्या अन् बेगडाचा चांद डिंकानं चिकटवला.

सकिनाच्या अम्मीले दाखवलं तं ती हसली. "पोरी, आभाळात दिसल्याबिगर तू चांद कायले लावला?"

मी चांद हळूच सोडवला, पुडीत बांधला अन् कार्डासंगं सकाळच्याच बैलगाडीनं केनवडले धाडला. पुडीवर लिहिलं, "दिसला की तूच लाव."

आता सांज झाली. आभाळ माह्या कार्डासारखंच दिसून राह्यलं. ढग हायेत, चांदाची जागा मोकळी.

आपली ही फिरती वही पुढच्या घरी धाडते. तुमच्या गच्चीवरून दिसला काय कोणाले?