प्रकाशच्या नावाचं पातेलं

चहा येईपर्यंत सांगून टाकतो. नाहीतर तुम्हाला हे दुसऱ्या कोणाकडून कळेल आणि तो वर आणखी तिखटमीठ लावेल. मिठाचं माहीत नाही, पण तिखटाची खरंच गरज नाही. ते मी स्वतःच्या हातानं घातलंय. सहा चमचे. जाडजूड भरून.

आमच्या घरात एक नाव आहे, ते मी जन्मापासून वाचत आलोय. प्रकाश. माझा चुलतभाऊ. तो राहायचा धुळ्याला, त्याच्या आईबापाकडे. आम्ही जळगावला, मेहरूणमध्ये. पण आमच्या मांडणीत त्याचंच राज्य! त्याचे वडील, म्हणजे आमचे आबा, धुळ्याला मास्तर. मुलानं काही केलं की या गृहस्थाला नातेवाईकांत भांडी वाटायची खोड. प्रकाश मॅट्रिकला पहिल्या वर्गात आला, पेले आले. इंजिनियर झाला, ताटल्या आल्या. अमेरिकेला निघाला तेव्हा तर स्टीलचं चांगलं मोठं पातेलं आलं, झाकणासकट. आणि प्रत्येकावर टोचून घातलेलं नाव: 'चि. प्रकाश याच्या परदेशगमनप्रीत्यर्थ'.

म्हणजे मी पाणी प्यायचो ते त्याच्या मॅट्रिकमधून आणि जेवायचो ते त्याच्या डिग्रीवर!

मी कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं. फिजिक्सचे सर एकच वही वर्षानुवर्षं वाचून दाखवायचे; ती मी एकदा ऐकली, मला पुरली. तेव्हा कोणी साधा चमचा तरी वाटला का? 'चि. रघुनाथ याच्या कॉलेजत्यागप्रीत्यर्थ'? नाही वाटला.

तर हा प्रकाश तीन वर्षांनी महिनाभराच्या रजेवर आला. आबा त्याला घेऊन धुळ्याहून थेट आमच्याकडे. सोबत एक रंगीत फोटो. त्यात प्रकाश दोन्ही हातांत काहीतरी गोल, फुगीर धरून तोंडाचा आ करून बसलेला.

"बर्गर," आबा म्हणाले. जणू ते तिकडे राष्ट्रपतींच्या हस्ते देतात.

"आत काय असतं?" आईनं विचारलं.

प्रकाश खोकला. माझ्याकडे बघितलं, छताकडे बघितलं.

"बटाटा!" आबा घाईनं म्हणाले. "शुद्ध बटाटा. विषय संपला!"

हे आमचे मास्तर. चाळीस वर्षं मुलांना 'नेहमी खरे बोलावे' शिकवलं. पण बापानं बटाटा म्हटल्यावर मुलाची काय बिशाद? प्रकाशनं जाहीर केलं, "रविवारी मी सगळ्यांना करून घालतो. बटाट्याचा."

आता माझं दुखणं ऐका. घराच्या रस्त्याकडच्या अंगाला आमची एक खोली होती. सायकलवाला सोडून गेल्यापासून रिकामी. तिथे मला हॉटेल काढायचं होतं. छोटंसं, चार बाकांचं. वडिलांना, म्हणजे नानांना, मी सहा महिने विचारत होतो. उत्तर ठरलेलं: "तुला साधा चहा जमत नाही. कॉलेजसारखं तेही अर्ध्यात सोडशील."

त्यात प्रकाश आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी काय पाहिलं? नाना आणि प्रकाश त्या खोलीत. प्रकाशच्या हातात टेप. तो भिंती मोजतोय, नाना माना डोलावतायत!

सहा महिने मी घसा कोरडा केला आणि हा पठ्ठ्या एका दिवसात टेप घेऊन आत? अमेरिका कमी पडली का याला? माझ्या डोक्यात लख्ख झालं: प्रकाश रविवारी बर्गर खिलवणार, नाना खूश होणार, खोली त्याची. मग आबा तिथे गल्ल्यावर बसणार आणि गिऱ्हाइकांना शुद्धलेखन शिकवणार.

ठरवलं. रविवारी बर्गर मीही करणार. नानांना आधी सांगायचं नाही. प्रकाशचा पडला की आपला पुढे करायचा.

माझ्याकडे हुकमाचं पान होतं. नानांच्या छातीत मध्यंतरी कळ आली होती. डॉक्टरांनी तूप बंद, तळण बंद, मीठ निम्मं केलं. ज्या माणसानं आयुष्यभर बट्टी तुपात बुडवून खाल्ली, तो दोन महिने दुधीची भाजी बघून उसासे टाकत होता. प्रकाशचा बर्गर तळलेला. नानांना चालणारच नाही. शिवाय पाव! नानांच्या लेखी पाव हे तापकऱ्याचं खाणं. मी करणार होतो बिनतळणाचा, बिनतुपाचा, आणि पावाच्या जागी बट्टी.

बट्टी म्हणजे आपली नेहमीचीच. रवाळ कणीक, थोडं मक्याचं पीठ, ओवा, गोळे वाफवायचे. एरवी पुढे तुपात तळतात, मी निखाऱ्यावर भाजायचं ठरवलं. मधोमध कापली की हुबेहूब तो फोटो! आत कच्च्या केळ्याची टिक्की. उकडलेली केळी, भिजवून वाटलेले मूग, कोथिंबीर, आणि तव्यावर तेलाचा नुसता हात फिरवून भाजायची. आणखी काय पाहिजे? जळगावात केळ्याला तोटा आहे का?

गुरुवारी एक करून पाहिला. चवीला फुलस्केप कागद! शुक्रवारी त्यात दही घातलं, लिंबू पिळलं. ओला फुलस्केप. तब्येतीला उत्तम होता, नाही असं नाही, पण तो खाऊन जगायचं कशासाठी असा प्रश्न पडायचा.

"तिखट घालू का?" मी आईला विचारलं.

"खबरदार! त्यांच्या छातीला काही झालं म्हणजे?"

झालं. आईनं दोन महिन्यांपूर्वीच घरातलं तिखट फडताळात कोंडलं होतं.

रविवार उजाडला. सकाळीच प्रकाशनं बटाटे उकडून कुस्करले आणि आईला विचारलं, "काकू, कशात ठेवू?" मी माझं केळ्याचं मिश्रण जुन्या पितळी पातेल्यात झाकून ठेवलं आणि बट्ट्या भाजायला परसात गेलो. तासभर निखारे फुंकत बसलो. डोळ्यांत धूर, पोटात धूर. आतून प्रकाशचं आणि आईचं हसणं ऐकू येत होतं. माझ्या आईला माझ्याबरोबर असं हसताना मी कधी ऐकलं नव्हतं हो!

बट्ट्या घेऊन आत आलो तर स्वयंपाकघरात कोणी नाही. ओट्यावर स्टीलचं पातेलं. त्यावर ते नाव चमकतंय. चि. प्रकाश. परदेशगमनप्रीत्यर्थ.

झाकण काढलं. आत पिवळट गोळा. फडताळ उघडं होतं.

आता तुम्ही मला शहाणपण शिकवू नका. मी विचार केला होता. प्रकाशचं तळलेलं असणार, नाना त्याला शिवणारच नाहीत, म्हणजे त्यांच्या छातीला धोका नाही. बघा! दुष्टपणातसुद्धा मी पितृभक्त. चार चमचे तिखट घातलं. कालवलं. मग परदेशगमन आठवलं आणि आणखी दोन घातले. लसणाची चटणी दिसली, तीही उपडी केली. वर झाकण ठेवून बाहेर येऊन सभ्य माणसासारखा बसलो.

पुढच्या खोलीत नाना, आबा, प्रकाश आणि मी. आईनं आतूनच सांगितलं, "तळणाला वेळ आहे. तेल तापायचंय. आधी हे घ्या."

आणि तिनं आणल्या माझ्या बट्ट्या! तिनंच घाईत भाजलेली टिक्की, कांदा, काकडी घालून, देखण्या, फोटोपेक्षा सरस. मी मनात म्हटलं, बरंय, पहिला मान माझा.

प्रकाशनं मोठा घास घेतला. चावला. थांबला. त्याचे डोळे फोटोतल्या तोंडाएवढे झाले. मग जो खोकला सुटला! त्यानं पेल्याला हात घातला, स्वतःच्याच नावाच्या, आणि घटाघटा प्यायला. आबांचं नाक गळायला लागलं, पण मास्तर! मुलाचा बर्गर वाईट कसा म्हणणार? टोपीनं डोळे पुसत म्हणाले, "वा... वा..."

मला कळेना. म्हणून मी घास घेतला.

अहो, कानांतून वाफ निघाली! जिभेनं मला ओळख द्यायचं सोडलं. आणि त्या आगीच्या उजेडात मला सगळं दिसलं. हे माझंच!

मी आत धावलो. "आई! माझं मिश्रण कुठे होतं?"

"स्टीलच्या पातेल्यात काढलं मी. दही-लिंबू घालून पितळेत ठेवतोस? कल्हई गेलीय त्याची, कळकलं असतं ना! प्रकाशचे बटाटे त्या अॅल्युमिनियमच्या टोपात आहेत. का रे?"

उकडलेलं केळं आणि कुस्करलेला बटाटा. हळद घातली की दिसायला सख्खे भाऊ. चुलत तरी नक्कीच.

आणि नाना? नानांच्या हातात तोच बर्गर होता! मी बाहेर पळालो. नानांच्या टकलावर घामाचे थेंब. डोळ्यांतून धारा. हात छातीवर. बापाला मारलं मी, एका पातेल्यापायी!

नानांनी हात छातीवरून काढला, धोतराला पुसला आणि रिकामी ताटली पुढे केली.

नाना मूळचे साक्रीकडचे. एरवी पेपरातल्यासारखं बोलतात, पण आतून हलले की अहिराणीवर येतात.

"आखो एक दे," नाना म्हणाले.

आई दारात थिजली. "अहो, छाती..."

"छातीले काय झायं? दोन महिनामां पह्यलींदाव तोंडले चव उनी! डॉक्टरनी तेल-तूप बंद करं, मीठ कमी करं. तिखट कोन्ही बंद करं?"

डॉक्टरांनी तिखटाचं नावही काढलं नव्हतं. सगळे आईकडे बघायला लागले. आई भिंतीकडे बघायला लागली.

"आनि हाई कोन्ही बनाडं?" नानांनी विचारलं.

प्रकाश माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी म्हणत होता, पण खोकल्यात त्याचा शब्द फुटेना. आबांना मात्र कंठ होता. "कोणी म्हणजे? आमच्या प्रकाशनं! अमेरिकेत राहिलाय. तूप नाही, तळण नाही, आणि चव बघा! याला म्हणतात शिक्षण. नाहीतर आपले काही लोक..."

'काही लोक' म्हणताना ते माझ्याकडे बघत होते.

इथे शहाणा माणूस गप्प बसला असता. प्रकाशचा खोकला थांबला असता, त्यानं खरं सांगितलं असतं, मी खाली मान घालून कौतुक घेतलं असतं. पण पोटात वीस वर्षांचं साठलेलं!

"खोटं!" मी ओरडलो. "बट्टी माझी! केळं माझं! आणि ते तिखटही मीच घातलंय!"

"तू?" आई म्हणाली. "मी नको म्हटलं होतं ना? का घातलंस?"

"प्रकाशचं नासवायला!"

आत कढईतलं तेल तडतडायला लागलं.

वाक्य तोंडातून गेलं होतं. आता ते परत कुठल्या भांड्यात झाकून ठेवणार?

"मग तो टेप?" मी उसनं अवसान आणून म्हटलं. "खोली नाही का मोजत होता हा?"

प्रकाशला आता आवाज आला. फाटका, पण आला. "अरे, तुझं काउंटर कुठे बसेल ते बघत होतो. काकांना मीच म्हटलं, रघूला द्या खोली. पत्रात तूच लिहिलं होतंस ना हॉटेलचं?"

लिहिलं होतं. मीच. एकदा, चिडून.

मला वाटलं, त्या पातेल्यात बसावं आणि वरून झाकण लावून घ्यावं.

नाना दुसरा बर्गर संपवत होते. कोणाकडे न बघता म्हणाले, "याचे हात चांगले आहेत. डोकं नासकं आहे. हॉटेलाला हात लागतात." आणखी एक घास घेऊन पुढे म्हणाले, "खोली घे."

अशी मिळाली मला खोली. उभ्या आयुष्यात बाप माझ्याबद्दल दोन वाक्यं सलग बोलला, त्यात एक बरं निघालं. तेवढ्यावर हॉटेल उघडलं. तिखट सहा चमच्यांवरून दीडवर आणलं, लसूण ठेवला, लिंबू ठेवलं. बिनतळणाचा असूनही लोक बोटं चाटतात. आणि काय म्हणून मागतात माहितेय? "तो अमेरिकावाल्याचा द्या हो एक!" हे आबांचं काम. जळगावपासून धुळ्यापर्यंत सांगत सुटलेत.

जाण्याआधी प्रकाशनं मला एक वस्तू आणून दिली. स्टीलचा डबा. तिखटाचा. त्यावर टोचून घातलेलं 'चि. रघुनाथ यास'. आयुष्यात पहिल्यांदा माझं नाव भांड्यावर! सदऱ्यानं पुसून पुन्हा वाचलं. मग खालची ओळ वाचली. 'प्रकाशकडून सप्रेम भेट'. अक्षरं माझ्यापेक्षा मोठी!

दोन वर्षं रोज सकाळी ते नाव वाचून तिखट घालत होतो. गेल्या आठवड्यात गिऱ्हाइकानं पुन्हा 'अमेरिकावाल्याचा' मागितला आणि माझं डोकं फिरलं. कानस घेतली. डबा धुऊन पालथा घातलेला होता, तो तसाच मांडीत धरला आणि खालची ओळ घासायला घेतली. घामाघूम होईपर्यंत घासली. एक अक्षर शिल्लक ठेवलं नाही. मग मोठ्या समाधानानं डबा सरळ केला.

पालथ्या डब्यावर खालची ओळ कोणाची असते, ते रागात कोण बघतो?

आता डब्यावर फक्त प्रकाश आहे.