आप्पासाहेबांचं गार डिशवॉशर

आप्पासाहेबांच्या घरी मेकॅनिक यायचा तो फक्त चहा प्यायला. वाळूजच्या कारखान्यात अख्खी नोकरी मेंटेनन्समध्ये काढलेला माणूस. गारखेड्यातल्या घरचा मिक्सर, गिझर, शेजारच्या कडूबाईंचा कूलर, सगळं त्यांच्याच हाताखालून गेलेलं. त्यामुळं पुण्याच्या लेकीनं, राजनंदिनीनं, आईसाठी पाठवलेल्या डिशवॉशरमधून भांडी गार, ओली आणि वर तेलकट निघायला लागली, तेव्हा कंपनीच्या माणसाला बोलवा म्हणणाऱ्या लेकीला त्यांनी फोनवरच झापलं. मी काय मेलोय का, म्हणाले.

मशीन काही हौसेनं घरात आली नव्हती. बायकोच्या, वच्छलाबाईंच्या, बोटांना भेगा पडल्या होत्या. भाकरी थापताना पिठाला रक्त लागायचं. पाण्यात आणि साबणात हात घालायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण बाई ऐकतेय थोडीच. मोलकरणीनं घासलेलं ताट त्यांना जन्मात कधी पटलं नाही. मशीनला मात्र त्या कशाबशा तयार झाल्या, आणि तीच भांडी गार काढायला लागली. मग काय, बाईंनी सगळा ढीग परत मोरीत नेऊन घासायला सुरुवात केली आणि भरत आलेल्या भेगा पुन्हा उलल्या. मशीन चालली नाही तर हे हात कामातून जाणार, हे आप्पासाहेबांना स्वच्छ दिसत होतं. त्यांचा जीव तुटायचा. तोंडानं मात्र ते मशीनलाच शिव्या घालायचे.

आता आप्पासाहेबांची एक खोड होती. काम करताना आजूबाजूला माणूस खपायचा नाही. कारखान्यात ते साहेबालासुद्धा बाजूला व्हा म्हणायचे, तिथं बायकोची काय कथा. हत्यारांची पेटी उघडली की वच्छलाबाईंनी कडूबाईंकडं जाऊन बसायचं, हा घरचा कायदा. तर बाईंना पिटाळून त्यांनी मशीन पुढं ओढली, पत्रा खोलला, मीटर लावून हीटर तपासला. हीटर ठणठणीत. थर्मोस्टॅट बघितला, त्याच्यातही खोट नाही. मग त्यांनी रिकामी मशीन लावली, समोर स्टूल टाकून शेवटपर्यंत बसले, आणि काय सांगावं, दार उघडलं तर चष्म्यावर वाफ धरली. आप्पासाहेबांनी मिशीवर हात फिरवला. दुसऱ्या दिवशी बाईंनी भांडी लावली, हे बाहेर चक्कर मारून आले, तर भांडी पुन्हा गार.

मग बोअरच्या पाण्यावर खापर. क्षार बसले असणार, दुसरं काय. छावणीच्या बाजारातून लिंबूसत्व आणून त्यांनी मशीन आतून धुऊन काढली. पुन्हा बाई कडूबाईंकडं, पुन्हा मशीन गरम. पुन्हा बाईंनी लावली की गार. यांच्या हातात शहाणी आणि बाईंच्या हातात वेडी, अशी मशीन कुठं असते व्हय? राजनंदिनी म्हणाली, परत करू, कंपनी बदलून देतेय. यांनी फोन ठेवून दिला. हार मानतील ते आप्पासाहेब कसले.

त्या दिवशी जेवणं उरकली, बाईंनी भांडी विसळून मशीनमध्ये लावली आणि बटण दाबलं. आप्पासाहेब बाहेर गेले नाहीत. मागच्या दाराच्या पायरीवर पाने-पक्कड पुसत बसले. आत पाण्याची सळसळ चालली होती. थोड्या वेळानं ती थांबली. बाई पुढच्या खोलीत मेथी निवडत होत्या. हातातली जुडी टाकून त्या लगबगीनं आल्या आणि भिंतीवरचं बटण खट्कन बंद केलं. वर मशीनवरून हात फिरवला, गाईची धार काढून झाल्यावर फिरवतात तसा.

आप्पासाहेब उठून आत आले. बटण का बंद केलं, म्हणून त्यांनी विचारलं. एवढी नोकरी करून या माणसाला इतकंही कळू नये, अशा नजरेनं बाईंनी त्यांच्याकडं बघितलं.

"पाण्याचा आवाज थांबला की मोटार कोरडी फिरती. जळंल की. रोज मीच बंद करते, म्हणून टिकलीय तुमची मशीन."

आप्पासाहेबांना असं हसू फुटलं की पक्कड हातातून पडली. अगं, पहिलं पाणी फेकलं की ती जराशी थांबते, मग दुसरं घेते, तापवते, शेवटी गपचूप भांडी वाळवते, असं ते हसत हसत सांगत सुटले. खरं काम सगळं पुढंच होतं, आणि बाई रोज गार पाण्यावरच तिचा गळा दाबत होत्या. बाई हसल्या नाहीत.

गावाकडं पिशोरला शेतातल्या विहिरीवरची मोटार जळाली होती ना, तेव्हा राजनंदिनी तान्ही होती, असं त्या खाली बघत बोलू लागल्या. मोटार चालू असेपर्यंत पाण्यावर कान ठेवायचं काम त्यांचं. पोरीला पाजता पाजता त्यांचा डोळा लागला, पाणी तुटलं, मोटार कोरडी फिरून जळाली. सासऱ्यांनी भर अंगणात, चार माणसांत, त्यांचे वाभाडे काढले. गहू वाळला तो तुझ्यापायी, म्हणाले. आप्पासाहेब तेव्हा वाळूजला शिफ्टवर होते. मोटार जळाल्याचं त्यांना ठाऊक होतं. बोलणी कुणी खाल्ली, ते आज कळत होतं.

त्यांचं हसू जागच्या जागी विरलं. त्यांनी बटण परत चालू केलं. मशीननं पाणी घेतलं, आत सळसळ झाली, बाजूचा पत्रा हाताला ऊन लागायला लागला. बराच वेळ दोघं तिथंच घुटमळत राहिले. मग आवाज पुन्हा थांबला. बाईंचा हात आपसूक बटणाकडं गेला. आप्पासाहेबांनी तो मनगटाला धरला, बोटांच्या भेगांना धक्का न लावता.

"राहू दे. जळाली तर जळू दे. कुणी इचारलं, तर म्या जाळली म्हणून सांग."

बाईंनी हात सोडवून घेतला नाही. मशीन गप्प होती, आणि आतली भांडी वाळेपर्यंत ती दोघं तशीच तिच्यासमोर उभी राहिली.